अनुभव धागा: दुखणं अंगावर का काढलं?

तालुक्याच्या गावात माझं औषधाचं दुकान आहे. डॉक्टरांनी बीपीची गोळी महिन्याभराची लिहिलेली असते आणि माणूस म्हणतो, "ताई, चार दिवसांच्याच द्या, बाकीच्या बाजारच्या दिवशी नेतो." बाजारचा दिवस येईतो ते पैसे दुसरीकडे गेलेले असतात. पुढे अर्धांगवायू झाला की नातेवाईक सांगतात, त्यांनी गोळ्याच नीट घेतल्या नाहीत. खरंच नसतात घेतल्या. पण का, ते लिहूया. काम, घर, पाणी, पगार, सासर, जात, कशानं दुखणं लागलं किंवा वाढलं? डॉक्टर चांगले की वाईट हा वाद इथे नको. डाएट प्लॅन तर नकोतच.

केजकडची
आईबाबा दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचलही (आगाऊ पैसे) कोयत्यावर. त्यामुळे एकटी बाई जरी बसली तरी खाडा पडतोच. आमच्या वेळी दिवसाचे पाचशे कापायचे. पाळीत पोट कितीही दुखो, अंधारात फडात जायचंच. तिथे संडास नाही, कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. सारखं जावं लागू नये म्हणून आई पाणीच कमी प्यायची. वर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं, धाकटा अंगावर पीत होता तेव्हाही.

अंगावरून पांढरं जायला लागलं. हंगामात दाखवलं नाही. गावी आल्यावर एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि लगेच निकाल: गर्भपिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. आधी औषध देऊन बघू, हे कुणी बोललंच नाही. आणि आईलाही काढून टाकणं बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. पाळी गेली की खाडाही गेला. मावशीनं, चुलतीनं तेच केलं होतं. पैसे मुकादमानं दिले आणि पुढच्या उचलीत धरले. आई तेव्हा पस्तिशीचीही नव्हती. आता कंबर धरते, रात्री घामानं भिजून उठते, आणि मी नर्सिंग शिकल्यामुळे हे कशानं होतंय ते मला कळतं, एवढाच फरक.

२०१९ मध्ये गाजावाजा झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मग अशा ऑपरेशनला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. चांगलंच झालं. खाडा कापायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

आशाताई
आम्ही लाल गोळ्या वाटतो. बायका घेतात आणि डब्यात ठेवून देतात. वरचे साहेब म्हणतात, जनजागृती कमी पडते. अहो, सकाळी चहा पिऊन मजुरीला गेलेल्या बाईनं रिकाम्या पोटी लोहाची गोळी घेतली की मळमळतं, आणि चहाबरोबर घेतली तर लागू होत नाही. रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते ती खाणार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला, त्या सगळ्या काय अडाणी आहेत?

गोवंडीकर
मुंबईत रस्त्याच्या कामात झोपडी गेली आणि इमारतीत घर मिळालं. स्वतःचा संडास मिळाला म्हणून आईनं पेढे वाटले होते. पण आमचा मजला खालचा. समोरची इमारत हात लांब केला तर लागेल इतकी जवळ, मधल्या बोळात कचरा, म्हणून खिडकी कायम बंद. भर दुपारी ट्यूबलाइट. झोपडीत कधी नव्हता तो टीबी इथे आला. आधी बहिणीला, मग मला. २०१८ मध्ये लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींची पाहणी झाली. तिथल्या खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही आणि टीबीशी त्याचा संबंध आहे, असं त्यात निघालं. औषध फुकट मिळालं, खाण्यासाठी महिन्याला पाचशे रुपये यायचे (आता हजार झालेत). आम्ही दोघं बरे झालो. बहिणीच्या लग्नाच्या बोलणीत मात्र हे काढलं नाही. कंपाउंडचं नाव ऐकूनच मुलाकडचे चौकश्या सुरू करतात.

नानासाहेब
सगळं परिस्थितीवर ढकलू नये. माझे वडील गिरणीत होते, एका खोलीत आम्ही आठ जण. व्यसन नाही, पहाटे व्यायाम. चौऱ्याऐंशी वर्षं ठणठणीत जगले.

टेम्सकाठी
नाना, वडिलांना नमस्कार. पण त्यांची नोकरी कायम होती, भरपगारी रजा होती, कामगार दवाखाना होता. इथे लंडनमध्ये १९६७ पासून व्हाइटहॉलच्या, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतल्या, सुमारे १८ हजार नोकरांचा अभ्यास झाला. उपाशी कुणीच नव्हतं, सगळे पगारदार. तरी सगळ्यात खालच्या श्रेणीत हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांच्या तिपटीहून जास्त निघालं. सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही सगळा फरक भरून निघेना. मायकेल मारमॉट या संशोधकांनी पुढे याच प्रश्नावर आयुष्य घातलं. कामावर आपली किती सत्ता चालते, हा मुद्दा त्यांच्या नंतरच्या अभ्यासात फार पुढे आला.

रात्रपाळी
सत्ता वगैरे राहू द्या. मी पुण्यात सोसायटीत वॉचमन आहे, बारा तास. रिलीव्हर आला नाही तर चोवीस. साखर निघालीय. डॉक्टर म्हणाले, वेळेवर जेवा आणि रात्री झोपा. मी हो म्हणालो. काय बोलणार?

औषधवाली (धागा माझाच)
दादा, तुमचं ईएसआय (कामगार विमा) कापतात का? पगार २१ हजारांपर्यंत असेल तर साधारण लागू व्हायला हवं. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो.

रात्रपाळी
कापतात, ताई. कार्डही आहे. पण रजा टाकली की पॉइंटवर दुसरा माणूस उभा करतात, आणि परत गेलो की एजन्सी म्हणते, थांब, जागा झाली की फोन करतो. मागच्या वेळी गावी बहिणीच्या बाळंतपणाला गेलो होतो, तेव्हाच हे बघितलं. कार्ड दवाखान्यात चालतं, गेटवर नाही. गोळीचं मात्र विचारायचं होतं: जेवण पहाटे चारला होतं, तर सकाळची गोळी केव्हा घेऊ?