शकुंतलेचे दोन किलोमीटर रूळ वाचवायचे आहेत, कामाला हात कुठून घालावा?

वऱ्हाडी_प्रवासी
यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही आपली ७६२ मिमी गेजची (म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची) शकुंतला रेल्वे बंद पडली आहे. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेल्या इंजिनाने १९९४ पर्यंत ओढलेली ही गाडी. एखाद्या स्टेशनाजवळचा दोनेक किमीचा तुकडा तरी ट्रॉली चालण्याइतका जिवंत ठेवायचा आहे. गटात पंचवीस-तीस माणसं आहेत. आधी डबा मिळवावा की रूळ दुरुस्त करावेत? सामान किती लागेल?

गेजपट्टी
आधी लेखी परवानगी. या मार्गाची मालकी खाजगी कंपनीची आणि गाडी चालवली रेल्वेने, त्यामुळे दोन्हीकडे अर्ज करा. कागद हातात नसताना रुळावर शिरलात तर रेल्वे कायद्याचं कलम १४७ लागतं. सुटलेली फिशप्लेट (दोन रुळांची टोकं जोडणारी लोखंडी पट्टी) घरी आणून ठेवली तर प्रकरण त्याहून गंभीर, मग हेतू कितीही चांगला असो.

डब्याचा विचार नंतर. वेल्समधली टॅलिलिन ही स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली पहिली रेल्वे. १९५१ साली त्यांनी शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं पंचवीस-पंचवीस पौंडांना घेतली. गेज एकच, तरी त्यातलं एक वारंवार घसरायचं. टॅलिलिनचे रूळ मुद्दाम अर्धा इंच जास्त अंतरावर टाकलेले होते, कारण त्यांच्या स्वतःच्या एका जुन्या इंजिनाचा चाकतळ (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) लांब होता. त्या जुन्या इंजिनांची चाकं रुंद, म्हणून ती चालत. नव्याने घेतलेल्याची अरुंद, ती दोन रुळांच्या मध्ये पडत. म्हणून दर पाचव्या स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या लाकडावर) गेज मोजा आणि आकडा तिथेच रुळाच्या पोटावर ऑइलपेंटने लिहा. वळणावर थोडं जास्त अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, ते बिघाड समजू नका.

फिशबोल्ट
सामानाचा हिशोब, लाकडी स्लीपर धरून. ७० सेंमीवर एक म्हटलं तर दोन किमीला सुमारे २,८५० स्लीपर. सगळे बदलायचं मनात आणू नका. प्रत्येक तिसरा धड असला तर ट्रॉलीपुरतं गेज टिकतं. म्हणजे साधारण ९५० स्लीपर आणि प्रत्येकी चार धरून ३,८०० डॉग स्पाइक (रूळ स्लीपरला धरून ठेवणारे मोठे खिळे). लागून असलेले दोन स्लीपर एकाच वेळी काढू नका, रूळ खचतो.

नॅरोगेजचा स्लीपर १५० × १८ × ११.५ सेंमी. मीटरगेजचा जुना लाकडी स्लीपर १८० सेंमी लांब आणि जाडीला तेवढाच असतो, कुजलेलं टोक कापलं की तो चालतो. जुन्या भोकांत डांबरात बुडवलेल्या खुंट्या ठोका. नवं भोक गिरमिटानेच पाडा. नुसता घण घातला की लाकूड उभं चिरतं.

सांध्यांकडे खास लक्ष द्या, खरा धोका तिथेच लपलेला असतो. फिशप्लेट काढा, तारेच्या ब्रशने गंज घासा, रॉकेल लावा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड फासा. बोल्टच्या भोकापासून तिरपी काळी रेघ उमटली की रूळ चिरलेला आहे. परत बसवताना ग्रॅफाइट आणि रॉकेल तीनास दोन या वजनाने कालवून लावा, बोल्टला काळं तेल. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच करा. नऊ मीटरचा रूळ ४० अंशांच्या फरकाने सुमारे ४ मिमी वाढतो. सांधा गंजून जाम झाला असेल तर मे महिन्यात रूळ बाजूला फुगणारच.

वऱ्हाडी_प्रवासी
खूप आभार. आपल्या काळ्या मातीचं काय करावं? आणि झुडपं जाळली तर चालेल का?

गेजपट्टी
जाळू नका हो, लाकडी स्लीपर त्यातच जातील. वेडी बाभूळ मुळासकट उपटा, नुसती छाटली तर पावसाळ्यानंतर दुप्पट फुटते. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे गिट्टी खाली जाऊन चिखल वर येतो. पहिल्या पावसाआधी रुळाखालच्या मोऱ्या उपसा आणि दोन्ही बाजूंच्या नाल्या भरावाच्या माथ्यापेक्षा खोल करा. नाली मोकळी नसताना वर नवी गिट्टी टाकली तर तीही एका पावसाळ्यात चिखलात जाईल.