मदत हवी आहे: गर्दी झाली की काटापट्टीवर (वजनाच्या पावतीवर) याच्या नावापुढं त्याचं वजन (जावा, जॅक्सबी)

नमस्कार मंडळी, घाटंजीकडच्या एका जिनिंगवर काट्याचं सॉफ्टवेअर मीच लिहिलंय, त्यामुळं चूक कोणाची ते विचारू नका. दोन काट्यांवरून टॉमकॅट सर्व्हरवरच्या सर्व्हिसला रिक्वेस्ट येते, ती जॅक्सबीनं (जावा ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणारी लायब्ररी) पट्टीचा ऑब्जेक्ट एक्सएमएल करून पाठवते अन् तिकडं प्रिंट निघते. जावा ८.

दिवाळीपर्यंत काही लोचा नव्हता. आता फाटकाबाहेर बंड्या अन् मेटाडोरची लाइन, अन् परवा एक काका पट्टी घेऊन आले, "काऊन गा, माह्या कापूस कुठी गेला?" नाव त्यांचंच, निव्वळ वजन ७.६५ क्विंटल, आणलेला १८.४०. डेटाबेसात बरोबर १८.४०! लॉगमध्ये काकांच्या एक्सएमएलात वजनाचा टॅग दोनदा, पहिला दुसऱ्याचा, अन् त्याच सेकंदाची दुसऱ्या काट्याची एक्सएमएल अर्ध्यात तुटलेली. प्रिंटचा प्रोग्राम पहिला टॅग उचलतो (तोही मीच लिहिलेला, हसू नका).

मार्शलर (ऑब्जेक्टचं एक्सएमएल लिहितो तो) स्टॅटिक, म्हणजे सगळ्या रिक्वेस्टला एकच, ठेवलाय. घरी एकट्यानं किती बटणं दाबू, तिथं ही चूक येतच नाही. वैतागून कॉन्टेक्स्ट (मार्शलर ज्यातून बनतो तो) अन् मार्शलर दोन्ही दर रिक्वेस्टला नवीन केले तर वजनं बरोबर येतात पण सर्व्हर रेंगाळतो, लाइनीतले लोक शिव्या देतात. सगळ्याले सिंक्रोनाइज्ड (एका वेळी एकच रिक्वेस्ट आत जाईल असं लॉक) लावू का?

उत्तर:
भाऊ, कॉन्टेक्स्ट थ्रेडसेफ आहे (एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांनी, म्हणजे थ्रेडनी, वापरला तरी बिघडत नाही), मार्शलर अन् अनमार्शलर (एक्सएमएल वाचून ऑब्जेक्ट करणारा) नाहीत. मार्शलर आपलं आउटपुट स्वतःच्या आतच धरून ठेवतो, दुसऱ्या थ्रेडनं मधेच आपलं दिलं की पहिल्याचं उरलेलं तिकडं सांडतं. कॉन्टेक्स्ट बनवताना सगळे क्लास रिफ्लेक्शननं (चालू प्रोग्राममधूनच क्लासची रचना वाचून) तपासले जातात, महाग तेच. तो एकच स्टॅटिक फायनल ठेवा, मार्शलर दर वेळी नवीन घ्या, तो स्वस्त आहे. लॉकची गरज नाही. अन् तारखेला सिम्पलडेटफॉरमॅट स्टॅटिक असेल तर तोही काढा, त्याचं दुखणं हेच. जावा ८ मध्ये डेटटाइमफॉरमॅटर आहे, तो वाटून वापरला तरी चालतो. तपासायला जेमीटरमध्ये (सर्व्हरवर एकदम खूप रिक्वेस्ट सोडायचं टूल) २० थ्रेड सोडा.

धागाकर्ता:
झालं दादा! जुन्या कोडवर २० थ्रेड सोडले तर पहिल्याच फेरीत पट्टी फाटली, नव्यावर ५००० रिक्वेस्ट गेल्या, एकही नाही. तारखेचं पण तसंच निघालं. काकांची पट्टी बदलून दिली. आता लॉग डेटाबेसशी जुळवत बसलोय, आणखी ३ चुकीच्या पट्ट्या सापडल्या, त्यातल्या एका भाऊचा फोनच लागत नाही.