पेट्रोल वाढल्यापासून तुमची कुठली चक्कर बंद झाली?

अनगोळकर
काल संध्याकाळी पंपावर लायनीत होतो. पुढं एक कॉलेजचा पोरगा गाडी ढकलत आलेला, घामानं शर्ट चिकटलेला. पन्नासचं घाल म्हणाला. एवढ्यात अर्धा लिटरसुद्धा येत नाही, तरी पठ्ठ्यानं झाकण उघडून आत डोकावून बघितलं, किती वर आलं म्हणून. ते बघून मला एकदम आमचे बाबा आठवले. चेतक होती आमची. रिझर्वपण संपलं की रस्त्याकडंला उभी करायची, आडवी कलती करायची, परत सरळ, मग किक. दोन-तीन किलोमीटर जायची तेवढ्यावर. आम्हाला लहानपणी वाटायचं बाबांना जादू येते.

आम्ही बेळगावात, आमची आत्या हद्दीपलीकडं महाराष्ट्रात शिनोळीला. दर रविवारी जायचं ठरलेलंच, मी पुढं उभा, आई मागं धाकट्याला मांडीवर घेऊन. 1990 ला इराकनं कुवेत घेतलं, पेट्रोल महागलं, आणि दर रविवारचं महिन्यातनं एकदा झालं. लहान होतो, कुवेत कुठं आहे ते माहीत नव्हतं, खरं त्याच्यामुळं आत्याकडचे आंबोळे बंद झाले एवढं कळलं होतं. आत्या नंतर बरेच दिवस सांगायची, रविवारी कुठल्यापण स्कूटरचा आवाज आला की मी दारात यायचे.

आता मी काय करूलालोय तर तेच. कामाला उद्यमबागला रोज जातोय, त्यात काही कमी होत नाही, होणार कशी. पोरीचा क्लास, दवाखाना, बाजार, ते पण चालूच. कमी काय झालं तर आत्या. जायला-यायला पस्तीस-चाळीस किलोमीटर, पुढच्या रविवारी बघू, पुढच्या रविवारी बघू, असं करत दिवाळीनंतर गेलोच नाही. ऐंशी पार झाली ती. काल लायनीत उभा राहून हे मोजलं आणि मनाला फार लागलं.

तुमचं सांगा. कुठली चक्कर बंद केलीत?

निपाणी_साईड
आम्ही गाडी काढतच नाही माहेरला जायला, बसच. माहेर कागल. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना फुकट बसची शक्ती योजना सुरू झाली ना, तेव्हापासून बेळगाव ते निपाणी झिरो तिकीट, आधार दाखवायचं फक्त. निपाणीत उतरायचं, तिथनं महाराष्ट्राची एसटी. त्यांच्यात बायकांना अर्धं तिकीट आहे खरं ते हद्दीपासून पुढं, म्हणजे निपाणी ते हद्द पूर्ण आणि पुढं अर्धं. कंडक्टर बरोबर हिशोब करून देतो. आधी कारनं जायचो तेव्हा पेट्रोल + कोगनोळीचा टोल. आता मी आणि माझी जाऊ दोघी जातो, नवरे घरी. महिन्यातनं दोनदा जाणं होतंय, आधी वर्षातनं चारदा होत नव्हतं. आई म्हणते तू लग्न झाल्यापासून एवढी कधी आली नव्हतीस. गर्दी मात्र विचारू नका, उभं राहूनच जावं लागतं बऱ्याचदा

शहापूरची_काकू
अनगोळकर आधी आत्याला फोन करा मग बाकीचं लिहा

चंदगडी_पोरगा
शिनोळीचं नाव बघून आलो 🙏 आमच्याकडचे सगळे तुमच्याकडं टाकी भरतात. बाची आलं की कर्नाटक, तिथल्या पंपावर कोल्हापूरकडच्या एमएच 09 गाड्याच जास्त दिसतील. दोन राज्यांचा टॅक्स वेगळा म्हणून रेट वेगळा. खरं नुसतं पेट्रोलसाठी मुद्दाम येणं परवडत नाही, बेळगावात काम असेल तर येताना टाकी फुल करायची असा नियम. माझे काका आठवडाभराची कामं एका कागदावर लिहून ठेवतात. बियाणं, औषध, पासबुक, चष्मा दुरुस्ती, सगळं बुधवारी एका खेपेत.

आधी गोव्याचं असंच होतं. 2012 ला पर्रीकरांनी व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता, लिटरला अकरा रुपयेच्या आसपास उतरलं होतं. तेव्हा गोव्यात कामाला असलेली आमच्या गावची पोरं सुट्टीला येताना टाकी काठोकाठ भरून यायची आणि घरात आल्या आल्या थोरला भाऊ पाईप घालून आपल्या गाडीत काढून घ्यायचा

टिळकवाडी_77
आता कर्नाटकपण काही स्वस्त राहिलं नाही गा. जून 2024 ला विक्रीकर 25.92 वरनं 29.84 टक्के केला, एका रात्रीत तीन रुपये. डिझेलचा परत 2025 च्या एप्रिलला वाढला. 2021 च्या दिवाळीत केंद्रानं पेट्रोलवर 5 आणि राज्यानं वर 7 कमी केलेलं, तेव्हा बरं वाटलं होतं थोडे दिवस.
आणि 2017 ला रोज सकाळी सहाला रेट बदलायची पद्धत आली, त्यामुळं वाढलेलं कळायचंच नाही. त्याच्या आधी रात्री बाराला वाढणार म्हटलं की साडेअकराला पंपावर जत्रा असायची. नंतर दहा-वीस पैशांनी वाढायचं आणि माणूस गप्प बसायचा.

उद्यमबाग_गॅरेज
गॅरेज आहे म्हणून लिहितो, कृपा करून वाचा. पेट्रोल वाचवायला म्हणून लोक चोर्ला घाटात, आंबोली घाटात गाडी न्यूट्रल टाकून सोडतात. करू नका. ब्रेक तापतो, मग लागत नाही, आणि वळणावर गाडी हातात राहत नाही. आणि वाचत काय नाही वो त्यानं. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलेटर सोडला की पेट्रोल आपोआप बंद होतंय, न्यूट्रलला उलट आयडलिंगला थोडं थोडं जातच राहतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीची सवय लोकांच्या अंगात बसलीय.
दुसरं म्हणजे हवा. दहातल्या सात गाड्यांत हवा कमी असते माझ्याकडं येतात तेव्हा. चेन सुकलेली, क्लचवर सारखा पाय/हात. हे सगळं नीट केलं तर फरक पडतोय, नुसतं हळू चालवून काय होणार. पहाटे भरलं तर जास्त येतं हे पण डोक्यातनं काढा, टाकी जमिनीच्या खाली असते, तिथं पहाट काय आणि दुपार काय.
मागच्या वर्षी एक जण घाटातनं पडून आला, गाडी दुरुस्त झाली, त्याचा हात अजून नीट वळत नाही. म्हणून कळवळून सांगतोय.

कॉलेज_रोड
अ‍ॅव्हरेज कमी झालंय हे मात्र खरं ना? माझी 2016 ची आहे, पंचावन्न द्यायची, आता पन्नासच्या खाली

उद्यमबाग_गॅरेज
इथेनॉल. आता वीस टक्के असतंय. त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, मग थोडं उतरणारच. जुन्या गाडीचे रबरी पाईप बघून घे एकदा, ये कधी.

बेळगुंदी_रताळी
इथेनॉल म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं, त्याला नाव ठेवू नका 😀 खरं आमचं दुखणं डिझेलचं आहे. रोटर मारणारा ट्रॅक्टरवाला डिझेल दोन रुपये वाढलं की एकराचा दर वाढवतो, उतरलं की उतरवत नाही. त्याला तरी काय बोलायचं, त्याचा पण हप्ता आहे.
रताळी काढली की आधी जो तो आपापला टेम्पो करून बेळगावला मार्केटला न्यायचा. नवरात्राच्या तोंडाला तर एका गल्लीतनं पाच-पाच टेम्पो. आता आम्ही चौघं मिळून एक करतो. पोत्यावर रंगानं खूण, माझी लाल. त्यात भांडणं पण होतात, कुणाचं आधी काढायचं म्हणून, पाऊस आला तर शेवटच्याचं भिजतं. गेल्या साली माझं भिजलं. तरी पण भाडं चौथाई पडतंय म्हणून चाललंय. आणि जाता-येता चौघं एकत्र बसतो, दराच्या गोष्टी होतात, कुठला दलाल बरा ते कळतं. आधी हे बोलणं होत नव्हतं.

शहापूरची_काकू
लाल खूणवाले रताळी किलोनं देता काय घरी? एकादशीला पाहिजेत

बेळगुंदी_रताळी
काकू आता सीझन नाही, आल्यावर सांगतो

खानापूर_जंगलकडचा
तुम्हा सगळ्यांना चक्कर कमी करता येते कारण दुसरं काहीतरी आहे. आमच्याकडं जांबोटी-कणकुंबी बाजूच्या आतल्या गावांना दिवसात एखादी बस, पावसाळ्यात ती पण नसते. पंप लांब. गावात किराणा दुकानात बाटलीत पेट्रोल मिळतं, लिटरमागं वीस-पंचवीस जास्त. ते बरोबर नाही, धोक्याचं पण आहे, मला कळतंय, खरं पंपावर जायलाच अर्धा लिटर लागत असेल तर माणूस काय करणार.
तीन वर्षामागं जुलैत माझ्या मुलीला रात्री अकराला ताप चढला, झटके आले. बाहेर धो धो पाऊस. गाडीत पेट्रोल नाही, महिनाअखेर, मी मुद्दाम थोडंच ठेवलं होतं, भरलं की उगाच फिरणं होतं म्हणून. दुकानदाराचं दार वाजवलं. त्यानं दोन बाटल्या दिल्या, पैसे विचारले पण नाहीत, वर स्वतःचा रेनकोट दिला. शेजारच्यानं मुलीला मधी धरलं आणि खानापूरला पोचलो. वाचली. आता तिसरीत आहे.
त्या दिवसापासून घरात जेवायला कमी पडलं तरी चालेल पण टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. भाव शंभर असो का दोनशे. आणि आमच्या वाडीत आता ठरलंय, जो कोण खानापूरला जाणार त्यानं आदल्या रात्री सांगायचं. औषधं, रेशनचं काम, पोरांचे फॉर्म, सगळ्यांचं एकटा घेऊन जातो. बेळगावला जायचं असेल तर खानापुरात गाडी लावून रेल्वे.

निपाणी_साईड
वाचून काटा आला. मुलगी बरी आहे हे वाचून बरं वाटलं दादा.

टिळकवाडी_77
त्या दुकानदाराला माझा नमस्कार सांगा.

कॉलेज_रोड
मी इलेक्ट्रिक घ्यायचं म्हणतोय पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो, मालक खाली प्लग द्यायला तयार नाही. कुणी काही मार्ग काढलाय का? वायर गॅलरीतनं सोडली तर चालते काय?

उद्यमबाग_गॅरेज
वायर सोडू नको बाबा, पावसाळा आहे. बॅटरी काढून वर नेता येते असली बघ. मालकाला वेगळा सबमीटर लावून घे म्हण, बिल मी भरतो म्हण, ऐकेल.

शहापूरची_काकू
आमच्या ह्यांची लुना होती. संपलं की पेडल मारत यायचे कपिलेश्वरच्या चढावर, मी गॅलरीतनं बघायची आणि चहा ठेवायची, पोचेपर्यंत उकळायचा. आता ते नाहीत. मुलगा पुण्यात. मी रिक्षानं फक्त दवाखान्याला जाते, बाकी चालत. देवळात चालत जाते त्यामुळं चार बायका ओळखीच्या झाल्या वाटेत.
अनगोळकर फोन केला काय?

अनगोळकर
केला काकू. सकाळी केला. आधी आवाज ओळखला नाही, मग ओळखला आणि पहिलं वाक्य काय, "पेट्रोल लई महागलंय म्हणं, तू कशाला येतोस, मी बरी आहे." मी गप्पच झालो. माझ्याकडनं तिनं कधी काही मागितलं नाही आणि आता न येण्याचं कारणपण तीच मला देऊलालीय.
ह्या रविवारी जातोय. गाडीवर मी आणि मुलगी.

चंदगडी_पोरगा
शिनोळीत आलात की हाक मारा, फाट्यावरच असतो. काजू देतो यंदाचे

शहापूरची_काकू
शिनोळीला माझी बहीण असते, शाळेच्या मागं. तिला एक पिशवी द्यायची होती, कुंदा आणि तिची दोन लुगडी, दिवाळीपासून पडून आहे. न्याल काय?

अनगोळकर
द्या की काकू. नऊला निघतो, आधी शहापूरला येऊन मग जातो. घर कुठल्या गल्लीत ते मेसेज करा.

शहापूरची_काकू
करते. मुलीला उपाशी आणू नका, पोहे करून ठेवते