मदत हवी आहे : लॅपटॉपच्या ठरावीक पाचच कळा बंद, दोष रिबन केबलचा की कीबोर्डचा?

नमस्कार.

मी चिपळूणला राहते आणि घरूनच मुद्रितशोधनाचे व मराठी टंकलेखनाचे काम करते. गेल्या पंधरवड्यापासून माझ्या सहा वर्षे जुन्या लॅपटॉपवरील जी, एच, अवतरणचिन्ह, बॅकस्पेस आणि एस्केप या पाच कळा बंद पडल्या आहेत. बाकीच्या साऱ्या व्यवस्थित चालतात. इन्स्क्रिप्ट (मराठी टंकलेखनाची प्रमाण कळरचना) वापरणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल की यांतल्या पहिल्या तीन कळा म्हणजे ऱ्हस्व उकार, 'प' आणि 'ट'. त्यामुळे 'पुस्तक' लिहायला जावे तर पडद्यावर नुसते 'स्तक' उमटते, 'कुटुंब'चे 'कंब' होते, आणि बॅकस्पेसच बंद असल्याने ते जागच्या जागी खोडताही येत नाही.

सुरुवातीला हा दोष कायमचा नव्हता. सकाळी लॅपटॉप सुरू केल्यावर अर्धा-पाऊण तास या पाचही कळा मुक्या राहत आणि यंत्र चांगले तापले की एकदमच चालू होत. आता दिवसभरात क्वचितच चालतात. कीबोर्डवर पाणी किंवा चहा कधीही सांडलेला नाही. मात्र आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांवरही बुरशी धरते, त्यामुळे दमट हवेचा संशय माझ्या मनातून जात नाही.

आतापर्यंत मी जे तपासले ते सांगते, म्हणजे तेच उपाय पुन्हा सुचवण्याचा आपला वेळ वाचेल. इंग्रजीतही या कळा उमटत नाहीत, म्हणून इन्स्क्रिप्टचा किंवा फॉन्टचा प्रश्न नाही. फिल्टर कीज आणि स्टिकी कीज (कळांचा प्रतिसाद बदलणाऱ्या विंडोजमधल्या सोयी) बंद आहेत. यूएसबीचा वेगळा कीबोर्ड जोडला की सर्व कळा चालतात. हा मजकूरही त्यावरच लिहीत आहे. मला सर्वांत निर्णायक वाटली ती बायोसमधली (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, यंत्राच्या मूळ प्रणालीतली) तपासणी. यंत्र सुरू होताना एफ २ दाबून बायोसमध्ये गेले, तर तिथेही एस्केपने बाहेर पडता येईना आणि शेवटी एफ १० वापरावी लागली. बायोस चालू असताना विंडोज सुरूच झालेले नसते, तेव्हा विंडोज पुन्हा टाकून काही साधणार नाही असे मी समजते. येथील एका दुरुस्ती करणाऱ्यांनी आधी फॉरमॅट करून पाहू असे सुचवले होते, ते मी याच कारणाने नाकारले.

माझा तर्क असा आहे. लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेला स्वतंत्र तार नसते. आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते आणि प्रत्येक कळ एका आडव्या व एका उभ्या रेषेच्या छेदावर बसवलेली असते. ८ आणि १६ रेषांची जाळी असेल तर केवळ २४ रेषांत १२८ कळांपर्यंत सोय होते. त्यामुळे एक रेष तुटली की तिच्यावरच्या सगळ्या कळा एकदम जातात, मग त्या कीबोर्डवर एकमेकींपासून कितीही दूर असोत. एका कोपऱ्यातली एस्केप, दुसऱ्या कोपऱ्यातली बॅकस्पेस आणि मधल्या जी-एच एकाच वेळी बंद होणे आणि एकाच वेळी चालू होणे याचे दुसरे कारण मला सुचत नाही. कळांखाली कचरा अडकला असता तर त्या एकेक करून बिघडल्या असत्या.

आता ही रेष नेमकी कुठे तुटली आहे, हा माझा खरा प्रश्न आहे. रिबन केबल (कीबोर्डला मदरबोर्डशी जोडणारी चपटी पट्टी) मदरबोर्डवरच्या कनेक्टरमध्ये सैल झाली असेल, तर ती काढून पुन्हा बसवल्याने काम होईल. कीबोर्डच्या आतल्या पातळ थरावरची रेष गंजली असेल, तर कीबोर्ड बदलण्यावाचून गत्यंतर नाही. माझ्या यंत्रात तो वरच्या पॅनलला वितळवलेल्या प्लास्टिकच्या खुंट्यांनी जोडलेला असल्यामुळे पॅनलसकट बदलावा लागेल, आणि तो खर्च करण्यापूर्वी मला खात्री करून घ्यायची आहे. मदरबोर्डवर कळा वाचणाऱ्या चिपचा एखादा पाय निकामी झाला असेल, तर नवा कीबोर्डही वाया जाईल, याची मला सर्वाधिक धास्ती वाटते.

भर : एका प्रतिसादात सुचवल्याप्रमाणे, रिबनचा कनेक्टर जिथे असावा त्या स्पेसबारच्या खालच्या भागावर, साधारण मध्यभागी, अंगठ्याने हलकेच दाब देऊन पाहिला. पाचपैकी तीन वेळा दाब देताच बंद कळा चालू झाल्या आणि अंगठा उचलताच पुन्हा बंद पडल्या. यावरून दोष कनेक्टरजवळ आहे असे मानता येईल का? तसे असल्यास बॅटरीचे कनेक्शन आधी काढून, कनेक्टरची पट्टी (रिबन पकडून ठेवणारी खिट्टी) नखाने उचलून, रिबनची टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ती पुन्हा बसवावी असा विचार आहे. ही पट्टी फार नाजूक असते आणि मोडली तर कनेक्टरच बदलावा लागतो, म्हणून ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केले आहे त्यांनी ती कोणत्या बाजूने उचलावी हे कृपया सांगावे. कनेक्टर काळ्या पट्टीचा असून ती रिबन आत शिरते त्याच्या विरुद्ध बाजूला आहे.