मदत हवी आहे: डे केअरसाठी एफएसए (पगारातून फेडरल कर न लागता बाजूला ठेवलेली रक्कम) किती भरावा? बायकोचं एच-४ ईएडी (एच-१बी व्हिसावाल्याच्या जोडीदाराला मिळणारं काम करण्याचं परवाना-कार्ड) मे अखेर संपतंय

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी चार वर्षांची, मुलगा एक वर्षाचा, दोघंही डे केअरला. महिन्याला ३,४०० डॉलर तिथेच जातात, घरभाड्याहून जास्त. ऑफिसात २०२६ चं ओपन एनरोलमेंट (पुढच्या वर्षाच्या सुविधा निवडायची मुदत) चालू आहे, याच आठवड्यात आकडा भरायचा आहे.

माझा हिशोब असा. २०२६ पासून डिपेंडंट केअर एफएसएची मर्यादा ५,००० वरून ७,५०० डॉलर होतेय. दोघांचं मिळून उत्पन्न १,६०,००० च्या आसपास, फेडरल कराचा ब्रॅकेट २२ टक्के. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के धरले तर साधारण २,२०० डॉलर वाचतात. (न्यू जर्सी या रकमेवरही राज्याचा कर घेते, त्यामुळे तिथे काही वाचत नाही.) एफएसए घेतलाच नाही तर दोन मुलांच्या ६,००० पर्यंतच्या खर्चावर टॅक्स क्रेडिट, म्हणजे करातून थेट वजावट. आमच्या उत्पन्नाला नव्या नियमाने ते ३२ टक्के बसतं, म्हणजे १,९२० डॉलर. दोन्ही पूर्ण घेता येत नाहीत, कारण एफएसएची रक्कम त्या ६,००० मधून वजा होते. तेव्हा एफएसएच बरा, इथवर मी आलोय.

खरी अडचण पुढे आहे. बायकोचं ईएडी मे अखेर संपतं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून नूतनीकरणाच्या अर्जावर मिळणारी आपोआप मुदतवाढ बंद झाली, त्यामुळे नवं कार्ड येईपर्यंत तिला काम थांबवावं लागेल. इतक्या वर्षांनी तिला मनासारखी नोकरी मिळालीय, याचंच जास्त वाईट वाटतं. डे केअर मात्र सोडता येणार नाही, गेलेली जागा परत मिळत नाही. पण साधारणपणे दोघंही कामावर असतील तरच हा खर्च धरतात. मग पूर्ण ७,५०० भरावेत की निम्मेच? न वापरलेले पैसे बुडतात. या परिस्थितीतून कोणी गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

पूर्ण ७,५०० भरा. जानेवारी ते मे तुमचा खर्चच १७,००० होतो आणि तेव्हा दोघंही नोकरीत असाल. खर्च कुठल्या तारखेचा आहे ते बघतात. पगारातून पैसे वर्षभर कापले गेले तरी क्लेम मेपर्यंतच्या पावत्यांवर लावता येतो, रक्कम मात्र जमा होईल तसतशी हातात येते. तुमच्या दोघांपैकी कमी कमावणाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न ७,५०० च्या वर हवं, ते वहिनींचं पाच महिन्यांत होईलच. जूननंतरच्या पावत्या यात धरू नका. डे केअरचा ईआयएन (कर-ओळख क्रमांक) आत्ताच मागून ठेवा, टॅक्स रिटर्नमधल्या फॉर्म २४४१ वर लागतो. आणि ईएडीच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या १८० दिवस आधीपासून करता येतो, तो डिसेंबरातच टाका.