‘मिस्त्री गाठा’ हे उत्तर नव्हे: एफसी-१५०, १८ थाऊ आणि एक लपलेला बोल्ट

तेलकट_हात
परवा इथे एकाने साधा प्रश्न विचारला. महिंद्राची जुनी एफसी-१५० पिकअप उभी करतोय, इंजिनचं हेड काढायचंय, परत बसवताना टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाला, गॅप किती ठेवू? त्यावर सव्वा_इंची_पाना यांचं उत्तर: ‘असलं ज्ञान लिहून मिळत नसतं. चांगला मिस्त्री गाठा, हाताखाली बसा. आकडे वाटून गाड्या उभ्या राहत नाहीत. आणि इतका उपद्व्याप करण्यापेक्षा बॉडी सँडब्लास्ट करा (वाळूच्या माऱ्याने साफ), डिझेल इंजिन टाका, मोकळे व्हा.’ खाली अंगठ्यांची रांग. विचारणारा मात्र फिलर गेज (गॅप मोजायची पट्टी) हातात धरून बसलेला.

म्हणून इथे सविस्तर. हरिकेन एफ-१३४, २.२ लिटर, चार सिलिंडर. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, यालाच एफ-हेड म्हणतात. इंजिन पूर्ण गार असताना इनटेक ०.०१८ इंच, म्हणजे १८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट ०.०१६. एक्झॉस्टचे टॅपेट बाजूच्या झाकणाआड असतात, तिथे हात नीट जात नाही म्हणून लोक वरचे चार लावतात आणि खालचे चार देवावर सोडतात. एक्झॉस्ट तापतो, दांडा लांबतो, गॅप संपला की व्हॉल्व्ह सीटवर टेकत नाही आणि जळतो. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचा गॅप २० थाऊ, प्लगचा ३०, सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२.

आता हेड काढण्याबद्दल. सगळे बोल्ट सुटले असं वाटलं तरी हेड हलत नाही. कार्ब्युरेटर उतरवा आणि इनटेकच्या भोकात टॉर्च मारा. आत एक हेडबोल्ट बसलेला आहे, बाहेरून दिसत नाही. तो तसाच ठेवून पहारीने उचकटलं की हेडला तडा. बसवताना ६० ते ७० फूट-पौंड, मधून बाहेर जात, तीन टप्प्यांत, आणि त्यातही हा बोल्ट विसरायचा नाही. एफसीत हे सगळं केबिनमध्ये, दोन सीटच्या मधलं झाकण काढून करावं लागतं. वरून वॉशर पडला तर थेट इनटेकमध्ये, म्हणून बोल्ट निघाला की भोकात फडकं.

हे लिहायला किती वेळ लागला? चहा गार झाला नाही.

सव्वा_इंची_पाना
माझं अर्धंच वाक्य उचललंत, ठीक आहे, सवय आहे. आता उरलेलं ऐका. साठ वर्षांच्या इंजिनात रॉकरच्या (वरचा व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेच्या) टोकाला व्हॉल्व्हच्या दांड्याने खड्डा पाडलेला असतो. तुमची फिलरची पट्टी सरळ. ती खड्ड्याच्या दोन काठांवर टेकते, खड्ड्यात उतरत नाही. पट्टी १८ दाखवते, खरा गॅप असतो २४-२५. मग पोरगं येऊन विचारतं, ‘आकडा बरोबर लावला तरी टकटक का?’ मिस्त्री कानाने ऐकतो आणि सांगतो. कान लिहून देता येतो का? द्या लिहून.

भोसरी_लेथ
खड्ड्याचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण तो आत्ता तुम्हीच लिहून दिलात, हे लक्षात आलं का? 😄

उपाय: डायल गेज चुंबकी स्टँडवर, काटा रॉकरच्या व्हॉल्व्हकडच्या टोकावर, रॉकर हाताने वरखाली. डायल दाखवेल तो खरा गॅप, खड्ड्यासकट. किंवा रॉकर काढून टोक घासून घ्या, पण वरचा कडक थर पातळ असतो. तो पार केलात तर आतलं लोखंड मऊ, पुन्हा खड्डा पडायला वेळ लागत नाही. खड्डा बोटाच्या नखाला खोल लागत असेल तर रॉकर बदला, घासू नका. आणि कानाने लावणाऱ्यांनी एक सांगावं: टकटक थांबली म्हणजे गॅप बरोबर झाला की संपला? घट्ट व्हॉल्व्ह अजिबात आवाज करत नाही. गप्प राहून जळतो.

सव्वा_इंची_पाना
बरं. डायलवाल्यांचा विजय असो. नाना पेठेत डायल गेज घेऊन फिरा, सत्कार होईल.

घाटमाथा
डिझेलला एवढी नाकं का मुरडता? पेट्रोलची एफ-हेड तीन गिअरवर, कात्रज ठीक, पण वरंध चढताना पाणी उकळतं. एमएम ५४० मधलं प्यूजो एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी, सुटे भाग मिळतात, अॅव्हरेज दुप्पट. गाडी चालवायची आहे की देव्हाऱ्यात ठेवायची?

तेलकट_हात
पाणी उकळतं कारण ब्लॉकच्या पाण्याच्या जागेत मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरभोवती, गाळ घट्ट बसलेला असतो. रेडिएटर नवा टाकून तो जात नाही. कोअर प्लग काढा, वाकवलेल्या तारेने खरवडा, उलट्या दिशेने पाणी मारा. निघतो तो चिखल पाहिलात तर इंजिनला दोष देणार नाही. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडलं असेल तरीही गरम होतं, ५ डिग्री आधी ठेवा आणि मग बोला.

डिझेलचं गणित: एक्सलचा रेशो ५.३८. ६.०० बाय १६ चे टायर असतील तर टॉप गिअरला ३००० आरपीएमवर ताशी साधारण ७५ किलोमीटर. म्हणजे डिझेल टाकून वेग वाढत नाही, कंप वाढतो. रेशो बदलायचा तर पुढचा-मागचा दोन्ही बदला, एकच बदललात तर फोर-व्हील टाकल्यावर गिअरबॉक्सची हाडं मोडतात. एफसीची केबिन पुढच्या एक्सलवर, वजन आधीच नाकावर, त्यात आणखी जड इंजिन. पाटे बदलावे लागतील, आणि मधलं झाकण बसतं का ते इंजिन विकत घेण्याआधी मोजा.

कागदपत्रे_पूर्ण
कुणी कायद्याचं बोलेल म्हणून थांबलो होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, परवानगीशिवाय इंजिनाची अदलाबदल चालत नाही. आणि २०२१ च्या व्हिंटेज नियमांत गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. त्यावर रोज ऑफिसला जाता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. एकदा डिझेल टाकलंत की ही वाट स्वतःच्या हाताने बंद. पिकअप कागदावर मालवाहू असेल तर ते आधी मिटवा, कारण व्यावसायिक वापर त्यात बसत नाही.

आणखी एक. चासी नंबरचा पेन्सिलने छाप घेतात. सँडब्लास्टवाल्याकडे देण्याआधी त्या जागेवर जाड टेपचे तीन-चार थर मारा. नंबर पुसट झाला तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात.

गंजोबा
सँडब्लास्टचं नाव निघालं म्हणून लिहितो. चासीला करा, एक्सलला करा. बॉडीच्या पत्र्याला करू नका. वाळूच्या माऱ्याने वरचा थर ताणला जातो, पत्रा फुगतो आणि मग दार दाबलं की डबडब वाजतं. ते पुन्हा सरळ होत नाही, मग त्यावर पुट्टी थापतात, पुट्टी ३ मिलिमीटरच्या वर गेली की तडकते. शिवाय वाळू सांध्यात अडकते आणि वर्षभराने बेअरिंगमध्ये सापडते. पुण्यात जुलैत तर ब्लास्ट केलेला पत्रा सकाळी पांढरा, संध्याकाळी केशरी.

छोट्या भागांसाठी मळी वापरा. साखर कारखान्याची मळी, १ भाग, पाणी ९ भाग. २०० लिटरच्या पिंपात २० लिटर मळी. आधी ग्रीस आणि रंग काढा, नाहीतर मळी आत पोचतच नाही. सात ते चौदा दिवस. मळीतली द्रव्यं गंजातलं लोह पकडून पाण्यात ओढतात, चांगल्या लोखंडाला जवळजवळ हात लावत नाहीत. कंस, बिजागऱ्या, ब्रेक ड्रमच्या मागच्या थाळ्या, सगळं करड्या रंगाचं होऊन निघतं.

चोक_ओढा
मळी!! 😂 गाडी उभी करताय की दुभत्या म्हशी?

गंजोबा
हसा. खड्डेखुड्डे असलेल्या भागात वायरचा ब्रश पोचत नाही, मळी पोचते.

भोसरी_लेथ
पोचते, पण अॅल्युमिनियमलाही खाते. कार्बची बॉडी, फ्युएल पंपाचं कास्टिंग, दाराचे डायकास्ट हँडल चुकून पिंपात टाकलेत तर चाळणी हाती येईल. हे न सांगता ‘सगळं निघतं’ लिहिणं म्हणजे अर्धवट ज्ञान, आणि सव्वा_इंची याच गोष्टीला घाबरतात.

सव्वा_इंची_पाना
धन्यवाद, पहिल्यांदाच कुणाला माझी भीती कळली.

कागदपत्रे_पूर्ण
मळी कुठून आणणार? साठवण आणि वाहतूक राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नियमांत येते. पिंप भरून घरी आणलात तर खुलासा तयार ठेवा.

गंजोबा
मग गूळ घ्या. खालच्या प्रतीचा. काम करतो, जरा सावकाश.

घाटमाथा
काळा गूळ, २०० लिटरचं पिंप, आंबूस वास. सोसायटीत कुणाच्याही मनात गंजाचा विचार येणार नाही. नवसागर तेवढा आणू नका म्हणजे झालं.

चोक_ओढा
एवढा वास सोसण्यापेक्षा इलेक्ट्रोलिसिस करा ना. प्लास्टिकचा टब, पाणी, मीठ, स्टीलची ताटली, बॅटरी चार्जर. एका रात्रीत.

भोसरी_लेथ
थांबा. हे वाचून कुणी खरंच करेल म्हणून स्पष्ट लिहितो. मीठ नाही. स्टेनलेस नाही. मिठाने क्लोरीन सुटतो. स्टेनलेसमधून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, ते पाणी हिरवट-पिवळं होतं आणि तुम्ही ते मोरीत ओतता. धुण्याचा सोडा घ्या, चार लिटरला साधारण एक मोठा चमचा. गंजका भाग चार्जरच्या वजाला, साध्या लोखंडाची भंगार पट्टी अधिकाला. उलटं जोडलंत तर पार्ट विरघळेल आणि भंगार चकाचक होईल. गंज पट्टीच्या समोरच्या बाजूचा निघतो, म्हणून भाग फिरवत राहा किंवा चारी बाजूंनी पट्ट्या लावा. हायड्रोजन निघतो, बंद खोलीत नको, वायर जोडण्या-सोडण्याआधी चार्जर बंद.

आणि पाटे, स्टिअरिंगचे बोल्ट, यू-बोल्ट आम्लात अजिबात नको. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, वरून काही दिसत नाही आणि घाटात कडकन तुटतं.

चोक_ओढा
सूचना केली, फाशी कसली देताय? व्हिडिओत स्टेनलेसच दाखवलं होतं.

तेलकट_हात
म्हणून तर लिहून ठेवायचं, कुणीतरी चूक पकडतं. व्हिडिओला कोण पकडणार?

चोक_ओढा
बरं, चूक माझी. पण इथे सगळे टॅपेट आणि मळीवर भांडताय, इंजिन मारतोय तो इ-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल), त्यावर कुणी बोलायला तयार नाही! पंपाचं जुनं रबरी डायाफ्राम फुगतं, पाइप चिकट होतात, टाकीतला साठ वर्षांचा गंज सुटून फिल्टरमध्ये. गाडी दोन महिने उभी राहिली की इथेनॉल पाणी शोषतं, खाली वेगळा थर बसतो, आणि कार्ब हिरवा. हेच खरं संकट आहे, तुमचे १८ थाऊ नाही.

सव्वा_इंची_पाना
धाग्याचा विषय काय, तुम्ही कुठे चाललात?

भोसरी_लेथ
विषय सोडून असलं तरी बरोबर आहे. डायाफ्राम आणि पाइप व्हायटन रबराचे घ्या. गाडी उभी ठेवायची तर टाकी आणि कार्ब दोन्ही रिकामे. मिश्रणाचं म्हणाल तर साध्या पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इ-२० ला सुमारे १३.५. म्हणजे जेटमधून ८-९ टक्के जास्त इंधन हवं. कार्बमध्ये १२० चा मेन जेट (इंधन सोडणारं भोक) असेल तर १२५ लावा, भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. प्लग पांढरे निघत असतील तर आधी हे तपासा, टायमिंगशी खेळत बसू नका.

सव्वा_इंची_पाना
१२० ला १२५. हा आकडा मात्र मी लिहून घेतला. याचा अर्थ कुणी काही काढू नये.

तेलकट_हात
नाही काढत. 🙏

गंजोबा
मळीबद्दल राहिलं: बाहेर काढल्यावर दाबाच्या पाण्याने धुवा, लगेच धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, पुसा, उन्हात तापवा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. ‘उद्या मारू’ म्हटलंत की पुन्हा पिंप.

फिलर_घेऊन_बसलेला
प्रश्न माझाच होता. कार्बखालचा बोल्ट सापडला, हेड आज निघालं. चार रॉकरपैकी दोनांना नखाला लागणारा खड्डा आहे, ते बदलतो. बाकी सगळं लिहून घेतलंय. फक्त पिंपाला झाकण लावायचं की नाही, ते कुणीच सांगितलं नाही.

गंजोबा
लावा, नाहीतर माश्या आणि डास. पण घट्ट नको. आंबतं तेव्हा गॅस धरतो, झाकण उडून पार्किंगमधल्या पांढऱ्या गाडीवर जातं.