दीड दिवस जुलाब, ओआरएस तोंडात घेत नाही. काय करू?

डोंगरावरची (असल्फा, घाटकोपर)
मुलगी बावीस महिन्यांची. शनिवारी रात्रीपासून पातळ शी होतेय. काल दिवसभरात नऊ वेळा, आज आतापर्यंत सात. उलट्या दोनच झाल्या, ताप नाही. शीत रक्त नाही, नुसतं पिवळट पाणी. नाक्यावरच्या मेडिकलमधून ओआरएसची पाकिटं आणली, पण एक घोट घेतला की तोंड वाकडं करून थुंकते. मग सासूबाईंनी संत्र्याच्या चवीच्या पेयाचा खोका आणला. तो गटागटा प्यायली आणि पुढच्या दोन तासांत तीन वेळा झाली. सासूबाई म्हणतात दूध बंद कर, साबुदाण्याची पेज दे, पोटाला आराम हवा. अंगावरचं पिते अजून, तेही बंद करू? शेजारच्या वहिनींनी जुलाब थांबायची मोठ्यांची गोळी दिलीय, पाव तुकडा दे म्हणाल्या. अजून दिली नाही. पाणी आमच्याकडे पहाटे पावणेपाचला येतं, तासभर. त्यामुळे झोप नाहीच. कुणीतरी नीट सांगा.

निवृत्त_सिस्टर
ती गोळी आधी वहिनींना परत करून ये. एवढ्या लहान पोराला ती द्यायची नसते. आतडं सुस्त पडतं, पोट फुगतं आणि आपल्याला वाटतं जुलाब थांबले.

आता मला सांग. पाकिटावर किती पाणी लिहिलंय आणि तू किती घेतलंस? शेवटची शू कधी झाली? रडताना डोळ्यांत पाणी येतं का? पोटाची कातडी चिमटीत धरून सोड, लगेच सपाट होते की घडी राहते?

डोंगरावरची
पाकिटावर १ लिटर लिहिलंय. मी पाणी प्यायच्या स्टीलच्या पेल्यात अख्खं पाकीट घातलं. चुकलं का? शू दुपारी एकला झाली, थोडीच, पिवळीजर्द. डोळ्यांत पाणी येतं. कातडी लगेच जाते. चिडचिड करतेय पण खेळणं मागतेय.

निवृत्त_सिस्टर
अगं, तो पेला ओतून दे आधी. लिटरभर पाण्याचं मीठ एका पेल्यात, म्हणजे जवळजवळ चौपाटीचं पाणी झालं ते! तिने थुंकलं हे तुझं नशीब. असलं दाट पाणी पोटात गेलं तर रक्तात मीठ वाढतं, त्याने पोराला झटकेसुद्धा येऊ शकतात. तू एकटी नाहीस म्हणून रागावत नाही. एकतीस वर्षं ओपीडीत काढली, निम्म्या आया हेच करायच्या. आणि खरं सांगायचं तर माझ्या थोरल्याच्या वेळी मी स्वतः ट्रेनिंगमध्ये असताना अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात घातलं होतं. आमच्या मेट्रनने चमचाभर चाखलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. काही बोलल्या नाहीत. तो चेहरा अजून आठवतो.

पिण्याच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली असेल घरात. ती भरून उकळून गार केलेलं पाणी पातेल्यात घे, त्यात पाकीट पूर्ण रिकामं कर, ढवळ. अर्धं आत्ता, अर्धं उद्या असं करायचं नाही, पावडर खाली बसलेली असते, भाग सारखे होत नाहीत. दूध, साखर, सरबत काही मिसळू नकोस. स्वतः चाखून बघ. डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट लागायला हवं, त्याहून जास्त नाही. झाकून ठेव, चोवीस तासांनी उरलेलं फेकून दे. छोटी पाकिटं २०० मिलिची असतात, ती पेल्यात चालतात. म्हणून वाचून घे.

पेल्याने पाजायची घाई करू नकोस. मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब, परत चमच्याने सुरू, आणखी सावकाश. प्रत्येक पातळ शीनंतर अर्धा पेला तरी पोटात जायला हवा, ५० ते १०० मिलि.

अंगावरचं दूध अजिबात बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाज. सासूबाईंना सांग, आराम पोटाला नको, पोरीला हवाय. साबुदाण्याची पेज द्या, पण त्यावरच ठेवू नका. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, दहीभात, केळं, थोडं थोडं चालू ठेवा.

आणि आज संध्याकाळी डॉक्टरांना दाखवच. जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात गेलीस तरी चालेल. पेल्यातलं ते दाट पाणी किती पोटात गेलं आपल्याला माहीत नाही, हे त्यांना आठवणीने सांग. ओआरएस आणि झिंक तिथेच मिळेल. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चमचाभर पाण्यात विरघळवून, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी चौदाच. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असतं तर १० मिलिग्रॅम दिलं असतं. अँटिबायोटिक मागून घेऊ नकोस, पाण्यासारख्या जुलाबाला बहुतेक वेळा लागत नाही. शीत रक्त दिसलं तर गोष्ट वेगळी.

डोळे खोल गेले, सहा तास शू नाही, पोर मलूल पडली, प्यायलाच उठेना, किंवा काही पोटात ठरेना, तर दवाखाना वगैरे नाही, रिक्षा करून थेट मोठं हॉस्पिटल. रात्री दोन वाजले असतील तरी.

काउंटरवरून (दादर)
मेडिकलमध्ये बसतो म्हणून एक भर. सिस्टर बोलल्या तेच, पण त्या संत्र्याच्या खोक्याबद्दल. त्यात साखर भरपूर, मीठ जेमतेम. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते, म्हणून प्यायल्यावर जुलाब वाढले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली, तरी गिऱ्हाईक अजून ‘तो ओआरएसचा ज्यूस द्या’ असंच मागतं. पाकिटावर ‘ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स’ लिहिलेलं बघा. आत लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. आकडे छापलेले असतात.

आमच्या कॉलेजात सर सांगायचे, १९७१ साली पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात भरून नळ लावून ठेवलं. नातेवाईकच पाजत बसायचे. त्याच जातीची ही पुडी.

डोंगरावरची
दाखवून आले. डॉक्टर म्हणाले पाणी थोडंच कमी झालंय, पाजत राहा. झिंक मिळालं. बाटलीने मोजून केलं, चाखलं. आता थुंकत नाही! चमच्याने अर्ध्या तासात पाऊण वाटी गेली. पण हे झालं कशाने? पाणी तर मी उकळते.

निवृत्त_सिस्टर
उकळलेलं ठेवतेस कशात, काढतेस कशाने? आणि नळाला रबरी नळी आहे का?

डोंगरावरची
पिंपात. पेला बुडवून काढतो. हो, नळी आहे, पिंपापर्यंत नळ पोचत नाही ना. पाणी गेलं की नळी मोरीतच असते.

निवृत्त_सिस्टर
कुठे? नळीचं तोंड कुठे असतं?

डोंगरावरची
जाळीवर. आणि त्याच मोरीत मी तिची दुपटी धुते. आई गं.

फिटर_पंतनगर
वीस वर्षं पाइपाचं काम करतो, ताई. नळीचं तोंड मोरीत बुडलेलं असेल आणि लाइनीत पाणी नसेल तर नळी ते घाण पाणी आत ओढते. तुमच्या चाळीत कुणी थेट लाइनीला मोटर लावली असेल तर जास्तच. मोटर ओढते तेव्हा गटारातून गेलेल्या पाइपाचे ढिले जोड बाहेरचं पाणी आत घेतात. पहिले दोन-तीन हंडे पाणी मोरी धुवायला वापरा, प्यायला नको. गढूळ किंवा वासाचं आलं तर पालिकेच्या १९१६ या नंबरवर फोन करून तक्रार नंबर घ्या.

निवृत्त_सिस्टर
फिटरदादा बरोबर बोलले. उकळलेलं पाणी त्याच पिंपात ओतत असशील तर उकळून उपयोग काय? प्यायचं वेगळ्या भांड्यात, झाकणाचं, आणि काढायला लांब दांड्याचं ओगराळं. हात आत जाता कामा नये. शी धुतल्यावर साबणाने हात, नुसत्या पाण्याने नाही. दुपटी वेगळ्या बादलीत.

डोंगरावरची (बुधवार)
काल फक्त तीन वेळा, आज सकाळी एकदा, घट्टसर. रात्री अडीचला गादी भिजवली. मी नवऱ्याला उठवून ओली चादर दाखवली, तो म्हणाला वेडी झालीस का. सासूबाई मात्र हसल्या. खिचडी त्यांनीच भरवली.

निवृत्त_सिस्टर
झिंक तिसरी गोळी आज. नळी?

डोंगरावरची
मोरीवर खिळा ठोकलाय. तोंड वर करून टांगलीय.